दोन उंट, एक कुंपण आणि वामन धुरीचा अर्ज

या अंकात दरवर्षी तेलाविषयी लिहिले जाते. लिहिणारे बहुधा इंजिनिअर असतात आणि त्यांच्या लेखांत तेल जमिनीतून स्वतःच्या खुशीने वर येते. मी इंजिनिअर नाही. मी आखातातल्या फहाहीलच्या बाजारात, एका टायपिंग सेंटरच्या मधल्या टेबलावर बसून लोकांचे अर्ज लिहितो. तेलाभोवती जी माणसे राहतात, राबतात आणि एकमेकांच्या उरावर बसतात, ती शेवटी माझ्या टेबलाशी येतात. लेख मागताना संपादकांनी फोनवर सुचवले की सणाचा अंक आहे, तेव्हा वादग्रस्त काही नको. मी त्यांना नम्रपणे कळवले की वाद हाच माझा व्यवसाय आहे; ज्या दोन माणसांचे पटते ती माझ्याकडे येत नाहीत. लेख घ्यायचा तर असाच घ्यावा, अन्यथा त्या पानावर मिठाईची जाहिरात छापावी.

माझे शिक्षण नववी, तेही अपुरे. हे कोणी मागाहून शोधून काढण्यापेक्षा मीच सांगून टाकतो. त्यानंतर सावंतवाडीच्या कोर्टाबाहेर एका वृद्ध अर्जनविसाच्या हाताखाली चार वर्षे मी अक्षर घोटले, आणि तिथे जे शिकलो ते कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत. अर्जाची अंगे तीन: तुम्ही कोण, काय घडले, आणि तुम्हाला काय हवे. काय घडले ते माणूस तासभर सांगतो. काय हवे ते मात्र त्याला स्वतःलाच ठाऊक नसते. ते त्याच्या तोंडून काढून घेणे, ही खरी विद्या. दुसरा नियम असा की अर्जात विशेषणे घालू नयेत. विशेषण आले की अधिकारी खुर्चीत मागे रेलतो; तारीख आणि जागा आली की तो पुढे सरकतो. तिसरा नियम, पोच घेतल्याशिवाय अर्ज दिला असे समजू नये.

एकदा साताऱ्याकडचे एक शाकाहारी गृहस्थ आले. त्यांच्या खोलीतला रत्नागिरीचा जोडीदार सुके बांगडे तळतो, म्हणून त्याला देशाबाहेर काढावे असा अर्ज त्यांना थेट मंत्रालयाकडे करायचा होता. मी त्यांना अर्धा तास प्रश्न विचारले. शेवटी निष्पन्न झाले की त्यांचा कामावर जायचा शर्ट शेगडीवरच्या खिळ्याला टांगलेला असे आणि कंपनीत लोक नाक मुरडत. मी अर्ज लिहिला नाही. जिन्यात एक खुंटी ठोकून घ्या, म्हटले. ते दोघे आजही एकाच खोलीत राहतात. तेलाच्या मुलखात शांतता प्रस्थापित करण्यासाठी मोठमोठ्या परिषदा भरतात असे मी वाचतो. मला कोणी बोलावत नाही. त्याने माझे काही अडलेले नाही.

आता वामन धुरीचे प्रकरण सांगतो. इथले अनेक इंजिनिअर बंधू ते अर्धवट ऐकून आहेत आणि अर्धवटच सांगतात.

वामन हा वेंगुर्ल्याकडचा, पन्नाशी ओलांडलेला, एका कंत्राटी कंपनीचा पहारेकरी. तेलाबरोबर जमिनीतून खारे, तेलकट पाणीही वर येते. ते ज्या खड्ड्यात सोडत, त्या खड्ड्याच्या दाराशी त्याची नेमणूक होती. खड्ड्याला जाळीचे कुंपण, कुंपणाला एक लोखंडी दार, दाराला कुलूप, आणि कुलपाची चावी वामनच्या कमरेला. थंडीत त्या बाजूला उंटवाल्यांचे तंबू पडतात. त्यांतला एक तंबू अबू सालेम या म्हाताऱ्या बदूचा, म्हणजे भटक्या अरबाचा. त्याचे दोन उंट एके सकाळी खड्ड्यातले पाणी प्याले आणि दुपारपर्यंत मेले.

उंट म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला बैलाची उपमा देऊन थोडेसे समजेल. अबू सालेमचा मोठा मुलगा सालेम याने दुसऱ्याच दिवशी दोन पिकअप गाड्या रस्त्यावर आडव्या लावल्या. कामगारांची बस अडली. दगड आला, काच तडकली. बसमधले आपले कोकणी फिटर आणि बिहारी वेल्डर पाइपचे तुकडे घेऊन खाली उतरले. त्या दिवशी कोणाचे डोके फुटले नाही, हा केवळ योग. कंपनीने तपास केला आणि तासाभरात निष्कर्ष काढला: पहारेकऱ्याने दार उघडे ठेवले. सालेमने मखफरमध्ये, म्हणजे पोलीस ठाण्यात, वामनच्या नावाने तक्रार दिली. तक्रार मिटेपर्यंत वामनला देश सोडण्यास मनाई झाली. आणि वामनची नोकरी संपली होती; कायमचे घरी जायचे त्याचे तिकीट पुढच्या पंधरवड्यातल्या मंगळवारचे होते.

तो माझ्या टेबलासमोर बसला तेव्हा त्याने डोक्यावरची टोपीही काढली नव्हती.

“परबांनू, दार उघडा ठेवलंय म्हणतत. कुंपानच नाय, तर दार लावून उपेग काय?”

“कुंपण नाही म्हणजे?”

“पाच म्हयने झाले. मागची जाळी काडून खोदायची मशीन आत नेल्यानी. जाळी परत कोन बसवतलो? तुमीच माका तीन अर्ज लिवन दिलात मरे!”

मी कपाट उघडले. मी लिहिलेल्या प्रत्येक अर्जाची प्रत ठेवतो. तीनही होत्या: ‘खड्ड्याच्या मागील बाजूची जाळी काढलेली असून जनावरे आत येण्याचा संभव आहे.’ दुसऱ्या अर्जाच्या प्रतीवर कंपनीच्या कचेरीचा पोचेचा शिक्का होता. एखाद्या कारकुनाने न वाचता मारला असावा. न वाचता मारलेले शिक्के या जगात फार उपकार करतात.

त्याच दुपारी निमकर साहेब आले. निमकर हे नाशिकचे, त्या कंत्राटी कंपनीत त्या भागाचे प्रमुख. माणूस वाईट नाही, आणि हे मी मनापासून लिहितो. त्यांच्या कंपनीचे व्हिसा आणि परवान्यांचे बरेच टायपिंग आमच्याकडे येत असे. त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला.

“परब, हे अरबीत करून द्या. धुरीचं स्टेटमेंट आहे. नजरचुकीने गेट उघडं राहिलं, सॉरी. त्याने सही केली की कंपनी त्या लोकांशी बोलेल आणि मॅटर क्लोज. तो मंगळवारी घरी.”

“साहेब, गेट बंद होते.”

“मला माहितीये.”

“मग?”

“मग काय? तो तर चाललाय. त्याला पुढे कुठे नोकरी करायचीये? प्रॅक्टिकल व्हा.”

मी म्हटले, “मी अर्ज लिहितो. कबुलीजबाब लिहीत नाही.”

निमकर हसले. “कमाल आहे! नववी नापास माणूस मला तत्त्वज्ञान शिकवतोय.”

“नापास नाही, साहेब. परीक्षेला बसलोच नाही. तपशील चुकवू नका.”

ते कागद तिथेच ठेवून गेले. मी त्याच कागदाच्या पाठीमागे वामनला त्याच्या चौथ्या अर्जाचा मसुदा लिहून दाखवला. आमची सरळ योजना अशी की म्हाताऱ्यालाच भेटावे आणि त्याच्याकडून ‘तनाझुल’ घ्यावे. तनाझुल म्हणजे तक्रार मागे घेतल्याचा कागद. तो असला की ठाण्यातले प्रकरण मिटते.

शुक्रवारी नमाजानंतर आम्ही टॅक्सीने तंबूवर गेलो. वाटेत मी वामनला शिकवून ठेवले. “हे बघ, ते गहवा, म्हणजे त्यांची कॉफी, देतील. आपल्याकडे चहा नाकारला तर यजमानाचा अपमान होतो, तसेच इथे. दिलेला कप नाकारायचा नाही. आधी प्यायचे, मग बोलायचे.” इतकी वर्षे या बाजारात काढलेल्या माणसाच्या अधिकाराने मी हे बोललो आणि वामनने मान डोलावली.

अबू सालेम उशीला टेकून बसला होता. दाढी मेंदीने रंगवलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू. सालेमने उभे राहून डाव्या हातातल्या किटलीतून गहवा ओतला. कप, म्हणजे फिंजान, इतका लहान की त्यात आपल्याकडचे चमचाभर औषध मावावे. मी प्यालो. वामन प्याला. पुन्हा ओतला, पुन्हा प्यालो. तिसऱ्यांदा पिऊन मी रीतीप्रमाणे कप हलवला, म्हणजे पुरे. मग घसा साफ करून मी फाइल उघडली.

म्हाताऱ्याने हात वर केला.

“बरब,” तो म्हणाला. अरबी जिभेवर ‘प’ नाही, त्यामुळे तिथे मी बरब आहे. “तू माझा गहवा प्यालास. तू पाहुणा आहेस. जेवून जा.”

“अबू सालेम, आम्ही एका गरजेसाठी आलो आहोत.”

सालेम मोठ्याने हसला. “गरज असलेला माणूस कप प्यायच्या आधी खाली ठेवतो. मग यजमान विचारतो, तुला काय हवे? तो हो म्हणाला की माणूस पितो. तू तर तीन प्यालास! पोट भरले, गरज संपली. इतकी वर्षे बाजारात बसून हे तुला कोणी सांगितले नाही?”

मला कोणी सांगितले नव्हते, कारण मी कोणाला विचारले नव्हते. मी ज्या खुर्चीवर बसतो तिथे लोक मला विचारतात. आयुष्यभर मी माणसांना बजावत आलो की आधी मागणे सांगा, मग बाकीचे. आणि ज्या दिवशी एका माणसाची अब्रू माझ्या फाइलमध्ये होती, त्या दिवशी मी वेलदोड्याच्या वासावर तेच विसरलो. तो भात आणि ते मटण मी खाल्ले. चव आठवत नाही. निरोप देताना म्हाताऱ्याने वामनच्या खांद्यावर हात ठेवला. “गरज घेऊन यायचे असेल तर पुढच्या शुक्रवारी या,” तो म्हणाला. वामनने ठाण्यात हजर व्हायचा दिवस त्यानंतरचा रविवार होता.

परत येताना टॅक्सीत मी फाइल मांडीवर मिटून धरली होती. मीच म्हटले, “चूक माझी.”

“ती मिया खंय नाय म्हनतंय?” तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

मधला आठवडा वाईट गेला. बसचा रस्ता बदलला, त्यामुळे कामगारांना वाळूतून दोन फर्लांग चालावे लागे. चिडलेल्या कोणीतरी तंबूवाल्यांच्या पाण्याच्या टाकीचा नळ उघडा सोडला आणि सारी टाकी रिकामी केली. उत्तरादाखल कामगारांच्या कॅम्पाच्या विजेच्या दिव्यांवर दगड आले. मी निमकरांना भेटून शिक्क्याचा अर्ज दाखवला आणि म्हटले की शुक्रवारी तंबूवर तुम्हीच चला; कप खाली ठेवायचा तर तुमच्या कंपनीने ठेवायला हवा. ते म्हणाले, “कंपनी असं तंबूत जाऊन बसत नाही, परब. आणि ते शिक्क्याचं प्रकरण तुम्ही बाहेर काढलंत, तर मग आमचं टायपिंग इतर कुठेतरी जाईल. धमकी नाही हां, सांगतोय.”

“सांगितल्याबद्दल आभारी आहे,” मी म्हटले आणि निघालो.

दुसऱ्या शुक्रवारी वामनने स्वतःहून पांढरा धुवट शर्ट घातला होता. मी रात्रंदिवस खपून चार पानांचे निवेदन तयार केले होते; त्यात एकही विशेषण नव्हते. तंबूत बसलो. सालेमने ओतले. मी कप समोरच्या गालिच्यावर ठेवला. वामनने ठेवला. बाहेर उंट रवंथ करत होता.

म्हाताऱ्याने विचारले, “गरज कोणाची?”

मी फाइल उघडली, तोच वामनने माझ्या मनगटावर हात ठेवला. “परबांनू, तुमी आता गप ऱ्हवा. मिया बोलतंय.”

आणि तो बोलला. कॅम्पातली अरबी, ज्यात क्रियापदे निम्मी हिंदी असतात. त्या अरबीचे मी इथे शुद्ध मराठी करतो, कारण बोलणाऱ्याचा तो मान आहे.

“अबू सालेम, तुझ्या टाकीचा नळ आमच्या माणसांनी सोडला. त्याची मी माफी मागतो. उंटांची माफी मी मागणार नाही. उंट माझ्यामुळे मेले नाहीत. माझी गरज एवढीच, की तू माझ्याबरोबर कुंपणापर्यंत चल. बघ. बघून झाल्यावर म्हणालास की मी खोटा, तर मी इथेच राहतो, ठाण्यात जातो. तोवर हा कप असाच राहू दे.”

सालेम उसळला. “पहारेकरी माझ्या बापाला चालायला सांगतो!”

“तू बस,” म्हातारा म्हणाला आणि काठी शोधू लागला.

सालेमच्याच गाडीतून आम्ही गेलो. ते दृश्य मी विसरणार नाही. समोर लोखंडी दार, त्याला भले मोठे कुलूप, कुलपावर वामनने लावलेली प्लास्टिकची पिशवी, धूळ जाऊ नये म्हणून. आणि मागे कुंपणच नाही. वीसेक हात जागा मोकळी. काढलेली जाळी तिथेच वाळूत अर्धी बुडालेली, तिच्यावर यंत्राच्या पट्ट्यांचे वळ. खांब बुंध्याशी कापलेले. त्या मोकळ्या वाटेवर उंटांच्या पावलांचे ठसे अजून होते, कारण तिथली वाळू तेलाने कडक झाली होती.

अबू सालेमने आधी कुलूप हातात धरून हलवले. मग तो दाराला वळसा घालून मोकळ्या जागेतून आत गेला आणि बाहेर आला. एका डोळ्याने त्याला दिसत नव्हते. दुसऱ्याने पुरेसे दिसले. मी शिक्क्याचा अरबीतला अर्ज सालेमच्या हातात दिला. त्याने तो वाचला, तारीख पुन्हा वाचली आणि पहिल्यांदा वामनकडे सरळ पाहिले.

“तू हे आम्हाला का सांगितले नाहीस?”

“तुमी इचारलास खंय? दगडच मारलास,” वामन मराठीतच म्हणाला. मी भाषांतर केले. पूर्ण केले.

तंबूत परतल्यावर जुना, थंड गहवा ओतून टाकून सालेमने नवा ओतला. “तुला दिले,” म्हातारा म्हणाला, आणि वामन प्याला. मग माझ्याकडे वळून अबू सालेम म्हणाला, “तनाझुल लिही. आणि दुसरा कागदही लिही. कंपनीच्या नावाने. भरपाईची गोष्ट माझा मुलगा बघेल. मला त्यात एवढेच हवे, की जाळी बसवा, आणि जनावरांसाठी बाहेर गोड्या पाण्याचे एक टाके ठेवा. म्हणजे त्यांना आत यावेसे वाटणार नाही.”

काय घडले आणि काय हवे, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा अर्जदार मला त्याच्याआधी भेटला नव्हता, नंतरही नाही.

रविवारी ठाण्याच्या दाराशी निमकर आणि कंपनीचा अरब प्रतिनिधी आमच्याआधीच उभे होते; सालेमच्या भरपाईच्या निरोपाबरोबर दोन्ही कागदांची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. निमकरांचा चेहरा ओढलेला होता. त्यांनी वामनला बाजूला घेतले. मी मुद्दाम शेजारी उभा राहिलो.

“धुरी, ऐका. तनाझुल द्या, आजच्या आज तुमची मनाई उठेल. मंगळवारी तुम्ही विमानात. पण तो दुसरा कागद दिलात, तर चौकशी लागेल, आणि तुम्ही त्यातले साक्षीदार. मग कधी सुटाल, ते मी सांगू शकत नाही. अबू सालेमला आम्ही आमच्या पद्धतीने समजावतो. परब, तुम्ही तरी सांगा याला.”

मी सांगू शकलो असतो. खरे तर मला सांगावेसेही वाटले, कारण तिकीट माझ्या नव्हे, त्याच्या खिशात होते. वामनने टोपी काढली, आतली घामाची रेघ पाहिली आणि परत घातली.

“साहेब, माज्या जाग्यार मंगळवारी दुसरो कोन येतलो?”

“नेपाळचा एक मुलगा आहे. का?”

“तेका पन तुमी हाच कुलूप देतलात ना?” मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, “दोन्ही द्या, परबांनू.”

खिडकीतल्या अधिकाऱ्याने दोन्ही कागद वाचले. दुसरा दोनदा वाचला. आमच्या धंद्यात अर्ज लिहिणाऱ्याने कुठेही आपले नाव घालायचे नसते. आमचे मालक याबाबतीत फार कडक आहेत. अधिकाऱ्याने विचारले, “हा कोणी लिहिला?”

निमकर माझ्याकडे पाहत होते. मी पेन मागितले आणि अर्जाच्या तळाशी, अबू सालेमच्या अंगठ्याखाली, माझे पूर्ण नाव अरबीत लिहिले. खाली जन्मगावही लिहिले. त्याची आवश्यकता नव्हती.

वामनचे तिकीट गेले. चौकशी लागली, त्याला दोनदा बोलावले गेले, आणि कंपनीने त्याला तोवर त्याच दारावर ठेवले. आमच्या सेंटरमध्ये येणारे त्या कंपनीचे टायपिंग त्याच आठवड्यात बंद झाले. मालकांनी मला मधल्या टेबलावरून दाराशेजारच्या टेबलावर हलवले, जिथे उन्हाळ्यात झळा येतात. मी अजून तिथेच आहे, आणि सध्या जे लोक येतात ते मधले टेबल ओलांडून माझ्याकडे येतात. बसच्या रस्त्यावरच्या गाड्या मात्र अर्ज दाखल झाल्याच्या दिवशीच निघाल्या.

जाळी बसवली गेली त्या दिवशी वामनने मला मुद्दाम बोलावले होते. बिहारी वेल्डर काम करत होते. बाहेर पाण्याचे नवे टाके ठेवले होते आणि सालेम स्वतः टँकरचा नळ धरून उभा होता. तो माझ्याशी फारसे बोलला नाही, पण त्याने वेल्डरांसाठी गहव्याचा थर्मास आणला होता. त्यांच्यातल्या एकाने कप घेण्याआधी माझ्याकडे पाहून हिंदीत विचारले, “मुंशीजी, पी लूं कि नीचे रखूं?” मी म्हटले, “पी ले. तेरा कुछ अटका नहीं है.”

शेवटचा जोड लागला तेव्हा वामन कुंपणाच्या आत, खड्ड्याच्या बाजूला उभा होता. त्याने दार ओढून घेतले, दाराच्या गजांतून हात बाहेर काढून कुलूप लावले, आणि सवयीने मागच्या बाजूला, इतके महिने जिथून तो बाहेर पडत असे तिकडे, चालू लागला. दहा पावलांवर जाळी होती. तो थांबला. त्याने जाळीला हात लावून पाहिला, जरा जोर देऊन पाहिला. मग परत येऊन, कमरेची चावी काढून, त्याने दार उघडले आणि दारातून बाहेर आला.